सोमवारचा फळा

दर सोमवारी, पहिल्या तासाआधी,
जिमखान्याच्या दाराशेजारचा फळा मी पुसते.
अक्षर बरं आहे, म्हणून हे काम माझ्याकडे.
लोखंडे मॅडम म्हणतात, टीममध्ये प्रत्येकीला काहीतरी काम पाहिजे.

एक इस्लामपूर. दोन विटा. तीन पलूस.
चार आपण, म्हणजे तासगाव.
मग मिरज, कवठेमहांकाळ, शिराळा,
आणि तळाला, जिथं वाकून लिहावं लागतं,
जत.

खाली, पुढचे सामने:
गुरुवार, सकाळी दहा, आपलं मैदान, जतशी.
पुढच्या मंगळवारी विट्याला. एसटी सहा चाळीसची.
डबा आणि गुडघापट्टी विसरू नये.
'विसरू नये'खाली मी दोन रेघा मारते.
माझ्या गुडघापट्टीला अजून दुकानाचा वास आहे.
बारा जणींतली मी बारावी.

गुरुवारी जत आलं.
एसटीतून उतरल्या पाच.
सहावी, मायाक्का बंडगर, सांगलीला
पोलीस भरतीत आठशे मीटर धावत होती,
त्याच दिवशी, त्याच वेळी.
त्यांची कॅप्टन दानम्मा हे रडून नाही,
गाडीची वेळ सांगावी तसं सांगत होती.
पंचांनी नियम वाचला. सहा नाहीत तर सामना नाही.
पंचवीस शून्य, पंचवीस शून्य. इथं सही करा.
आमच्याकडं टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना,
तीन-चार वाजल्या, मग थांबल्या.

"पोरी पहाटे चारला उठल्यात," मॅडम म्हणाल्या,
"नेट बांधलंय, चुना मारलाय. असंच खेळूया."
आणि बाकावरून नजर फिरवत शेवटाला आल्या:
"मुजावर, तू तिकडं जा."

तिकडं.
मायाक्काचा टी-शर्ट मला खांद्यात सैल,
त्याला दुसऱ्याच घराच्या साबणाचा वास.
नेटखालून वाकून गेले तर कॉलेज उलटं झालं:
सायकल स्टँड उजवीकडं,
आणि पाठीशी द्राक्षबाग, नुकती छाटलेली,
नुसती खोडं आणि तारा.

पहिला बॉल माझ्या आणि दानम्माच्या बरोबर मधे.
"नंदू!" ती ओरडली.
कोण नंदू? मी मागं वळून बघितलं.
बॉल पडला. पाचही जणी हसल्या.
"अगं, नंदू म्हणजे माझा. आमच्या कन्नडात.
तुझा असला की तू म्हणायचं."

पहिला सेट गेला, आम्ही अकरावर.
'आम्ही' हा शब्द त्या दिवशी जरा घसरत होता.

दुसऱ्यात केतकी जमदाडे उडाली.
विभागात तिचा हात सगळ्यात जड, सगळे म्हणतात.
पण दोन वर्षं तिचे बॉल बागेतून,
गटारीतून, स्टँडच्या पत्र्यावरून
कुणी आणलेत?
कोपर असं वळलं की बॉल कुठं पडतो
ते माझ्या पायांना पाठ.
"नंदू," मी म्हणाले, आधी तोंडातल्या तोंडात.
मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

पंचवीस तेवीस.
कुठल्याच कागदावर नाही.
नंतर सगळ्यांनी मिळून भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली,
केतकी माझ्याशी बोलली नाही,
मग पाणी मागितलं, मग बोलली.
दोनच्या गाडीनं जत गेलं.

आज सोमवार.
पलूस हरलंय. तीन: तासगाव.
मागं उभ्या पोरी ओरडल्या, फोटो काढला,
फोटोत माझी पाठ आहे.
तळाची ओळ आज मी खाली बसून लिहिली,
सावकाश, वेलांटी नसलेली दोनच अक्षरं.
उद्या विटा. गुडघापट्टी वाळत घातलीय,
मुरमाचा रंग काही निघत नाही.

दानम्माचा मेसेज आलाय:
मायाक्का, आठशे मीटर, तीन मिनिटं दोन सेकंद.
झालं की नाही, यादी लागल्यावर कळेल.
म्हणजे सांगलीत कुठल्या तरी भिंतीवर
बरं अक्षर असलेलं कुणी तरी
खडू नाहीतर पेन घेऊन उभं असेल.
तिचं नाव लिहिताना
त्या माणसानं घाई करू नये.